शिशाचा पट्टा की जॅकेटमधली वजने?

बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारे पाणी म्हणावे तर एक लोणारचे सरोवर, आणि तिथे पोहायला कोणी उतरत नाही. आमच्याकडची मुले पोहणे शिकतात ती विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून. पाण्याविषयी आम्हाला लहानपणापासून एकच विद्या माहीत, ती म्हणजे वर कसे राहायचे. त्यामुळे आमच्या मोठ्या आपांचा मुलगा गेल्या रमजान ईदला घरी आला आणि शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन म्हणाला, ‘मामू, मला पाण्याखाली राहण्यासाठी वजन घ्यायचंय. कमरेचा पट्टा घेऊ की जॅकेटमध्ये बसणारी वजनं?’ तेव्हा घरात कोणालाच काही सुचेना. पाण्यात जाताना अंगावर शिसे बांधायचे, ते कुठे बांधायचे यावर विचार करायचा, आणि वर त्यासाठी पैसेही मोजायचे!

भाचा बावीस वर्षांचा आहे. बी.एस्सी. झाल्यावर मित्रांबरोबर मालवणला सहलीला गेला, तिथे पर्यटकांना करवतात तशी एक स्कूबा डाइव्ह केली आणि मग त्या पाण्यातून त्याचे मन काही बाहेर आले नाही. रीतसर शिक्षण घेतले, बुडणाऱ्याला वाचवण्याचा पुढचा कोर्स केला. आता मालवणच्या एका डायव्हिंग केंद्रात मदतनीस म्हणून काम करतो. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी एक संस्थाच मालवण तालुक्यात तारकर्लीला आहे. कोकण किनाऱ्यावर हा आता पोटापाण्याचा धंदा झाला आहे. पावसाळ्यात समुद्र बंद, पण पाऊस सरला की मे महिन्यापर्यंत काम असते.

रोज पाण्यात उतरणाऱ्याला स्वतःचे सामान लागते. त्यातले महागडे सामान म्हणजे जॅकेट, ज्याला डायव्हर लोक बीसीडी म्हणतात. त्यात सिलिंडरमधली हवा भरली की माणूस वर तरंगतो, सोडली की खाली जातो. या जॅकेटचे दोन प्रकार मिळतात. एकात वजने ठेवायचे कप्पे असतात, दुसऱ्यात नसतात. कप्पे नसतील तर कमरेला वेगळा पट्टा हवा. जॅकेट काही दरवर्षी घेतले जात नाही, म्हणून हा प्रश्न.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या वर्गात ‘वजन’ म्हणजे शेराचे वजन. एखादी मात्रा कमी पडली तर मिसरा बेवजन होतो, एवढेच आमचे वजनांचे ज्ञान. पण आपांनी सांगितले, ‘तू मास्तर आहेस, तूच समजून घे आणि मला समजावून सांग. मला समजलं तरच तो घेईल.’ मग आम्ही भाच्यालाच गुरू केले.

पहिली गोष्ट त्याने सांगितली ती अशी. माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतेच. त्यावर डायव्हर रबरासारखा सूट घालतो, आणि त्या सुटाच्या जाडीत हवेचे बारीक बुडबुडे भरलेले असतात, म्हणून तो सूट भोपळ्याचेच काम करतो. हा वर ओढणारा जोर मोडायला शिसे लागते. शिसेच का? कारण ते पाण्यापेक्षा अकरा पटींहून अधिक जड असते. एक किलो शिसे मूठभर जागेत मावते आणि समुद्रात बुडवल्यावरही त्याचे सुमारे नऊशे ग्रॅम वजन कामी येते. दगड तेवढ्याच कामाला मोठा लागेल.

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. माणूस आणि त्याचे सगळे सामान मिळून ऐंशी किलो भरत असेल, तर पोहण्याच्या तलावात लागते त्यापेक्षा समुद्रात सुमारे दोन किलो शिसे जास्त लागते. आणखी एक गंमत म्हणजे सिलिंडरमधल्या हवेलाही वजन असते. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये सुमारे 2200 लिटर हवा दाबून भरलेली असते. डाइव्ह संपेपर्यंत तिच्यातली बरीचशी वापरली जाते आणि सिलिंडर दोन किलोंनी हलके होते. म्हणजे खाली जाताना बरोबर असलेला माणूस वर येताना हलका झालेला असतो. म्हणून वजनाचा अंदाज घ्यायचा तो डाइव्हच्या शेवटी, सिलिंडर जवळपास रिकामे असताना. जॅकेटमधली हवा सोडून द्यायची, नेहमीसारखा श्वास छातीत धरून निश्चल उभे राहायचे. पाणी डोळ्यांच्या रेषेत आले तर वजन बरोबर. श्वास सोडल्यावर माणूस हळूच खाली जायला हवा. हे थोडा वेळ श्वास धरणे फक्त पृष्ठभागावरच्या या तपासणीपुरते. पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नसतो, त्याचे कारण पुढे येईल.

भाचा शिकत होता तेव्हा त्याला सहा किलो लागत, आता चार किलोंत भागते. नवखा माणूस घाबरून छाती फुगवून ठेवतो, हातपाय मारतो, म्हणून त्याला खाली ठेवायला जास्त शिसे देतात. सराव झाला, श्वास संथ झाला की शिसे कमी होते. हे ऐकून आपा म्हणाल्या, ‘म्हणजे भीती गेली की ओझं उतरतं.’

आता दोन पद्धती पाहू.

पट्टा म्हणजे नायलॉनची सुमारे दोन इंच रुंद पट्टी. त्यात खाचा असलेले शिशाचे ठोकळे ओवतात आणि पुढे एक बकल असते. हे बकल आपल्या पँटच्या पट्ट्यासारखे नसते. त्यात टोक अडकवायला भोके नाहीत. एक पट्टी उचलली की सगळा पट्टा सुटून खाली पडतो. तो असा बांधायचा की उजव्या हाताने उघडेल, आणि जगभर हीच रीत आहे. त्यामुळे कोणत्याही देशाचा सोबती असला तरी त्याला हात कुठे घालायचा ते कळते. पट्टा स्वस्त, जॅकेटशी त्याचे देणेघेणे नाही, आज हे जॅकेट घातले उद्या ते, पट्टा तोच.

पण त्यालाही खोड्या आहेत. सगळा भार कंबरेवर येतो, पाठ दुखते. ज्याची कंबर अरुंद त्याचा पट्टा खाली सरकतो. दहा मीटर खाली गेले की पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो, सुटातले बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो आणि वर घट्ट असलेला पट्टा खाली सैल पडतो. मग तो फिरतो आणि बकल पाठीमागे जाते. म्हणून खाली उतरल्यावर पट्टा एकदा पुन्हा आवळावा लागतो.

दुसरी पद्धत म्हणजे जॅकेटमधली वजने, ज्यांना इंटिग्रेटेड वेट म्हणतात. शिसे दोन पिशव्यांत भरायचे, जॅकेटच्या डाव्या-उजव्या कप्प्यांत सरकवायचे, क्लिप लागल्याचा आवाज ऐकायचा. सोडायचे तर प्रत्येक पिशवीची मूठ ओढायची. कंबरेला काच नाही, भार दोन्ही बाजूंना वाटलेला. एकच पिशवी सोडून अर्धे वजन कमी करता येते, ही सोय पट्ट्यात नाही. काही जॅकेटांना पाठीकडेही छोटे कप्पे असतात, पण त्यांतली वजने चटकन सुटत नाहीत. ती शरीराचा तोल आडवा ठेवण्यासाठी असतात.

याच्याही खोड्या. जॅकेट, सिलिंडर आणि शिसे एकत्र आले की ते उचलताना माणूस वाकतो. प्रत्येक कंपनीची मूठ वेगळी, कुणाची पुढे ओढायची, कुणाची वर. पिशवी नीट बसली नाही तर भर पाण्यात निसटते आणि माणूस एका बाजूने हलका होऊन वर जाऊ लागतो. आणखी एक बारीक गोष्ट आहे. पाण्यात जॅकेट अंगातून काढावे लागले, समजा ते जाळ्यात अडकले, तर शिसे जॅकेटबरोबर राहते आणि सुटातला माणूस भोपळ्यासारखा वर ओढला जातो. पट्टा असेल तर शिसे माणसाबरोबर राहते.

भाच्याचा कल जॅकेटमधल्या वजनांकडे होता. दिवसातून दोन-तीन वेळा उतरायचे, पाठीला आराम हवा, आणि खरे सांगायचे तर ते दिसायलाही रुबाबदार. आम्हालाही तेच पटत होते. आपांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘यातलं कोणतं ओल्या हाताने, न बघता, एका झटक्यात सुटतं?’

हा प्रश्न त्यांनी का विचारला ते घरातल्या सगळ्यांना माहीत होते. आमचे मर्हूम मेहुणे, म्हणजे या मुलाचे अब्बा, मोटारी दुरुस्त करायचे. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. भाचा सहा वर्षांचा होता. कपाशीला पाणी देण्याचे दिवस, कुणाच्या तरी विहिरीतला फूट व्हॉल्व्ह पाणी धरत नव्हता. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून त्यांनी पाने, हातोडी, वायसर असे सगळे एका गोणपाटाच्या पिशवीत भरून पिशवी सुती दोरीने कंबरेला बांधली, नेहमी बांधायचे तशीच. कपारीवरून पाय घसरला. ते उत्तम पोहणारे होते, सगळे गाव तसे म्हणायचे. पण सुती दोरी भिजली की फुगते, तिची गाठ आवळते आणि ती ताणाखाली बोटांनी सुटत नाही. त्यांना वर काढले तेव्हा पिशवी कंबरेलाच होती. उजव्या हाताची नखे गाठीपाशी सोलली होती, हे गुसल देणाऱ्यांनी नंतर सांगितले.

ही हकिगत आम्ही घरात कधी फारशी बोललो नाही. त्या दिवशीही कोणी तिचा उल्लेख केला नाही. फक्त भाच्याने वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, ‘अम्मी, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सगळे मालवणला या. दोन्ही तुमच्या हातात देतो. तुम्हीच सोडून बघा.’

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. आपा, भाची, आमच्या घरची मंडळी असे सात जण. मलकापूरहून रात्रीची गाडी, मुंबईला दुसरी गाडी, मग कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून एसटीने मालवण. आपांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा होता, 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला. त्याच्या पायाचे दगड शिशाचा रस ओतून बसवले असे तिथे सांगतात. आपा म्हणाल्या, ‘इथे सगळं शिशावरच उभं आहे वाटतं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्यटक यायच्या आधी भाच्याने आम्हाला सरावाच्या तलावावर नेले. बुरख्याच्या बाह्या सावरून आपा काठावर बसल्या. त्याने आधी पट्टा दिला, चार किलोंचा. आपांनी तो बसल्या जागी कंबरेला लावून घेतला. हात पाण्यात बुडवले, डोळे मिटले आणि बकल उचलले. पट्टा धपकन फरशीवर पडला. त्यांनी हे पाच वेळा केले. पाचही वेळा एकाच हालचालीत.

मग जॅकेट. उजवी पिशवी लगेच आली. डावी मात्र दोनदा ओढावी लागली, कारण कप्प्यात वाळू गेली होती. भाच्याने पिशवी काढली, वाळू झटकली, पुन्हा बसवली. आता तीही सहज आली. ‘हे रोज धुवावं लागतं अम्मी. धुतलं नाही तर असं होतं.’ आपा म्हणाल्या, ‘आणि ज्या दिवशी धुवायचं राहील?’ यावर तो काही बोलला नाही.

इथपर्यंत आमच्या मते निकाल लागला होता. आपाही म्हणाल्या, ‘बस्स, पट्टा घे. आणि काहीही झालं, जरा जरी जीव घाबरला तरी पहिल्यांदा तो सोडून दे.’

तेव्हा भाचा त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘नाही अम्मी. असं करायचं नसतं. हेच तर आधी समजून घ्या.’

त्याने जे सांगितले ते प्रत्येक आईबापाने ऐकावे असे आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर अडचण आली, म्हणजे दमछाक झाली, जॅकेट फुगेना, लाटा तोंडावर येऊ लागल्या, तर वजने ताबडतोब टाकून द्यायची, पैशांकडे बघायचे नाही. जगभरातल्या अपघातांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा हेच आढळते की मरण पावलेल्या डायव्हरच्या अंगावर वजने तशीच होती. सोडायची सोय होती, पण हात तिथे गेला नाही. मात्र वीस मीटर खाली असताना सगळी वजने टाकली तर माणूस बाटलीच्या बुचासारखा वर उडतो. खाली दाबाखाली घेतलेला श्वास वर येताना फुगतो, दहा मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना तो दुप्पट होतो. श्वास रोखलेला असेल तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून डायव्हरचा पहिला नियमच असा की श्वास कधी रोखायचा नाही. शिवाय खाली बराच वेळ राहिल्यास रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला अवधी लागतो, म्हणून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबतात. उडत वर आलेल्याला ते थांबणे मिळत नाही. खोल पाण्यात वजने टाकणे हा अगदी शेवटचा उपाय, बाकी सगळे संपल्यावरचा.

आपा बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे सुटणं सोपं असावं, पण आपोआप सुटू नये.’ भाचा म्हणाला, ‘हेच.’

आणि इथे पुन्हा प्रश्न उभा राहिला, कारण पट्टा सुटतो तो पुरता सुटतो. बकल कशात अडकून उघडले तर चारही किलो एकदम जातात. जॅकेटमधले अर्धे गेले तरी अर्धे राहते. आपांचा प्रश्न बरोबर होता, पण तो अर्धा होता. चटकन सुटणे आणि नको तेव्हा न सुटणे, ही दोन्ही कामे एकाच कडीने करायची असतात. त्यामुळे कोणते साधन चांगले असा सरसकट जवाब नाही. कोण, कुठे, कशासाठी उतरतो ते बघावे लागते.

भाच्याचे काम कसे आहे? तो मच्छीमारांच्या होडीसारख्या लहान होडीतून जातो. होडीत चढताना आधी वजने काढून वर द्यायची, मग जॅकेट द्यायचे, मग आपण चढायचे. पट्टा असला की हे सोपे जाते. जॅकेटमध्येच शिसे असेल तर होडीवरच्या माणसाला ते धूड एकट्याने ओढावे लागते. तो नवख्या पर्यटकांबरोबर असतो. कुणाला एखादा किलो कमी पडला तर पट्ट्यावरचा ठोकळा काढून देता येतो. बरोबरचे सगळे जण पट्टाच वापरतात, म्हणजे त्याला काही झाले तर त्यांचा हात न चुकता त्याच्या बकलावर जाईल. आणि पाठ अजून तरुण आहे. या सगळ्याचा हिशोब पट्ट्याच्या बाजूने गेला. तोच माणूस उद्या मोठ्या बोटीवर, नेहमीच्याच सोबत्याबरोबर, स्वतःचे एकच जॅकेट घेऊन उतरू लागला, तर हिशोब उलटाही होऊ शकतो. काही अनुभवी लोक अर्धे शिसे पट्ट्यावर आणि अर्धे जॅकेटमध्ये ठेवतात. तीही एक समजूतदार तडजोड आहे.

हे ऐकताना आम्हाला अरबी आखातातल्या मोती काढणाऱ्यांची आठवण झाली. शेकडो वर्षे बहरीन, कुवेत, दुबईचे पाणबुडे एक श्वास घेऊन, पायाला दगड लावून तळाशी जात. अरबीत बुडी मारणाऱ्याला ‘गैस’ म्हणत आणि वर होडीत दोरी धरून बसणाऱ्याला ‘सैब’. तळाशी पोचताच गैस पाय मोकळा करी आणि सैब तो दगड दोरीने वर ओढून घेई. दुसऱ्या दोरीने मग तो गैसला वर ओढी. वजन फक्त खाली जाण्यापुरते, नंतर एक क्षणही अंगावर नाही. आपल्याकडे मन्नारच्या आखातातही पाणबुडे दगडाच्याच मदतीने मोत्यांच्या शिंपल्यांपर्यंत जात, आणि त्यांत तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे मुसलमानही होते. जपानी संवर्धित मोती बाजारात आले, पुढे आखातात तेल निघाले आणि तो धंदा बसला. पण वजन अंगाशी कायमचे बांधायचे नाही हे ज्ञान त्या अनपढ लोकांकडे होते.

भाचीनेही त्या सहलीत उथळ पाण्यात एक डाइव्ह केली. तिचा पोशाख पूर्ण बाह्यांचा, डोके झाकणारा आणि वर गुडघ्यापर्यंत झगा असा होता. तो नीट चालला. पण बोटीवर तिने पट्टा आत आणि झगा वरून असा घातला, तेव्हा भाच्याने तिला लगेच थांबवले. पट्टा सगळ्यांच्या वर हवा. त्यावर झगा नको, ओढणी नको, जॅकेटचा दुसरा पट्टा नको. बकल कापडाखाली गेले की सोबत्याला ते दिसत नाही, स्वतःलाही सापडत नाही, आणि सुटलेला पट्टाही कापडात अडकून राहतो. झगा आत, पट्टा वर. पडदाही राहतो आणि बकलही मोकळे राहते. आपल्या घरातल्या मुली आता सहलींना जातात, समुद्रात उतरतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

सुट्टीत मुलांना घेऊन मालवणला किंवा गोव्याला जाणार असाल तर पाण्यात उतरण्याआधी चार गोष्टी विचारायला संकोच करू नका. वजन किती दिले आणि ते कशावरून ठरवले? ते सुटते कसे, ते मुलाला स्वतःच्या हाताने एकदा सोडून बघू द्याल का? पट्टा असेल तर उजव्या हाताने उघडतो ना, आणि त्याचे उरलेले टोक मोकळे आहे ना? काही लोक ते टोक नीटनेटके दिसावे म्हणून आत खोचतात, मग बकल उघडूनही पट्टा पडत नाही. जॅकेटमधली वजने असतील तर दोन्ही पिशव्यांची क्लिप लागली का, हे ओढून पाहिले का? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. उतरण्याआधी सोबत्याने सोबत्याचे वजन आणि बकल हाताने चाचपून पाहायचे, हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग असतो.

भाच्याने शेवटी कप्पे असलेले जॅकेट घेतले, पण कप्पे सध्या रिकामे ठेवले आहेत. शिसे पट्ट्यावर आहे. पट्टा आणि शिसे आपांनी घेऊन दिले, शिवणकामाच्या पैशांतून. त्यांनी एक अट घातली आहे. दर शुक्रवारी सुट्टीच्या वेळेत काठावर उभे राहून डोळे मिटायचे, हात ओले करायचे, आणि दहा वेळा बकल उघडायचे. तो ते करतो. केल्यावर आईला फोन करतो आणि नुसते ‘दहा’ म्हणतो.

गावात परत आल्यावर आपांनी आणखी एक काम केले. आमच्या भागात आजही मोटारीचे कारागीर पाने कंबरेला बांधून विहिरीत उतरतात, आणि शेततळ्यांच्या निसरड्या प्लास्टिकवरूनही तसेच जातात. आपा त्यांच्यापैकी चौघांच्या घरी स्वतः गेल्या. आम्ही बरोबर होतो. त्यांनी भाषण दिले नाही. प्रत्येकाला एक लोखंडी बादली आणि वीस हात दोर दिला, आणि सांगितले की पाने बादलीत ठेवा, बादली वेगळ्या दोरावर सोडा, वर एक माणूस उभा ठेवा, कंबरेला काही बांधू नका. एकाने विचारले, ‘आणि मी पडलो तर पाने?’ आपा म्हणाल्या, ‘पाने बुडू दे. नवे मी घेऊन देईन.’